खोके पोहोचले, वस्तूचे काय?

जालना-छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरील बदनापूर हे तालुक्याचे गाव शेतकरी ओळखतात ते तुरीमुळे. येथील कृषी संशोधन केंद्रात विकसित झालेल्या तुरीच्या वाणांची नावे 'बीडीएन' या अक्षरांनी सुरू होतात आणि ती अक्षरे बदनापूरचीच आहेत. अशा गावातही आता सकाळी पाठीवर भला मोठा झोला घेतलेला तरुण दुचाकीवरून येतो, दारात खोके ठेवतो आणि म्हणतो, ''काका, ओटीपी सांगा.'' चपला, मिक्सर, मोबाइल, दूरचित्रवाणी संच आणि शेतीची अवजारेही आता याच वाटेने येतात. खरेदीच्या बाबतीत पुणे-मुंबई आणि बदनापूर यांतील अंतर मिटले, असे म्हणण्याची पद्धत पडली आहे. खरेदीपुरते ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण खोक्यातून निघालेली वस्तू फुटकी असेल, तर हे अंतर तितकेच मिटलेले असते काय?

एक साधे उदाहरण घेऊ. तूर फुलोऱ्यात आली आहे, शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी फवारणी करायची आहे आणि एका अल्पभूधारकाने बॅटरीवर चालणारा फवारणी पंप तीन-साडेतीन हजार रुपयांना ऑनलाइन मागवला आहे. खोके आले. बाहेरून एक कोपरा दबलेला, बाकी ठीक. ओटीपी दिला, तरुण निघून गेला. उघडून पाहिले तर टाकीला तळापासून तडा. अॅपवर तक्रार नोंदवली, छायाचित्र पाठवले. दोन दिवसांनी उत्तर आले की विक्रेत्याने वस्तू सुस्थितीत पाठवली होती, ती सुस्थितीत पोहोचल्याची नोंद आहे, सबब परतीची विनंती अमान्य. विक्रेता दिल्लीचा, संकेतस्थळ चालविणारी कंपनी बंगळुरूची, माल आणणारी कुरिअर संस्था तिसऱ्याच गावची. यात उत्तरदायी कोण, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. तीन हजारांसाठी कोण भांडत बसणार, असे म्हणून बहुतेक जण तो सोडून देतात. मात्र ज्याची फवारणी अडली आहे, त्याच्यासाठी हा तीन हजारांचा प्रश्न नसतो.

जुना कायदा या ग्राहकाच्या बाजूचा नव्हता. १९३०च्या मालविक्री कायद्याचे कलम ३९ सांगते की, करारानुसार विक्रेत्याने माल वाहतूकदाराच्या हवाली केला की तो सकृद्दर्शनी ग्राहकालाच पोहोचला असे मानावे. वाटेत काही झाले तर विक्रेता हात झटकू शकत असे. अर्थात त्याच कलमात पुढे विक्रेत्यावरही बंधन आहे. मालाचे स्वरूप पाहून त्याने वाहतुकीची वाजवी व्यवस्था केली पाहिजे. ती न केल्यामुळे माल वाटेत खराब झाला, तर वाहतूकदाराच्या हाती दिलेला माल आपल्याला मिळाला असे मानण्यास ग्राहक नकार देऊ शकतो. पण हे वाक्य कोणत्या खेड्यातल्या गिऱ्हाइकाने कधी कोणाला वाचून दाखवले असेल?

मागच्या पिढीला व्ही.पी.पी. आठवत असेल. वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून पत्र टाकायचे, पोस्टमन पुडके घेऊन यायचा, आधी पैसे मोजायचे आणि मग पुडके उघडायचे. आत पुस्तक निघो की घड्याळाचा सांगाडा, पोस्टमनला त्याचे सोयरसुतक नसे. १८९८च्या डाक कायद्याच्या सहाव्या कलमाने हरवलेल्या, उशिरा आलेल्या किंवा खराब झालेल्या टपालाच्या उत्तरदायित्वातून सरकारला बहुतांशी मोकळेच ठेवले होते. आजचे 'कॅश ऑन डिलिव्हरी' हे त्याच व्ही.पी.पी.चे चकचकीत रूप आहे. आधी पैसे, मग दर्शन हा क्रम बदललेला नाही. बदलला आहे तो कायदा, आणि नेमकी तीच गोष्ट ग्राहकांपर्यंत पुरेशी पोहोचलेली नाही.

१९८६चा ग्राहक संरक्षण कायदा आला तेव्हा ऑनलाइन खरेदी कोणाच्या कल्पनेतही नव्हती. त्या कायद्यानुसार तक्रार करायची ती विरुद्ध पक्ष जेथे राहतो, व्यवसाय करतो, जेथे त्याची शाखा आहे किंवा जेथे तक्रारीचे कारण घडले तेथे. २००९मध्ये 'सोनिक सर्जिकल' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, शाखा कोठेही आहे एवढ्यावरून तेथे तक्रार दाखल करता येणार नाही. शाखेचा आणि तक्रारीच्या कारणाचा संबंध असला पाहिजे. निकालामागचे तर्कशास्त्र योग्यच होते, नाहीतर कोणीही सोयीचे मंच शोधत फिरला असता. पण ऑनलाइन खरेदीदाराची त्याने अडचण झाली. तक्रारीचे कारण कोठे घडले, बटण दाबले तेथे, पैसे जमा झाले तेथे की खोके उघडले तेथे, यावरच आधी वाद घालता येऊ लागला. वस्तूचा विषय निघण्यापूर्वीच दोन-चार तारखा खर्ची पडण्याची ही सोय होती.

२०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने हा वाद एका वाक्यात संपवला. २० जुलै २०२०पासून अमलात आलेल्या या कायद्याच्या कलम ३४ नुसार, ग्राहक जेथे राहतो किंवा पोटापाण्यासाठी काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. बदनापूरच्या ग्राहकासाठी हा आयोग जालन्याचा. संकेतस्थळाच्या अटी-शर्तींत 'सर्व वाद बंगळुरूच्या न्यायालयांच्या अधीन' असे लिहिलेले असले, तरी त्याने हा अधिकार जात नाही. ग्राहक कायद्याचे उपाय इतर कायद्यांच्या जोडीला आहेत, असे कलम १०० सांगते. करारात लवादाची अट असली तरी ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हे तर 'एमार एमजीएफ' प्रकरणात २०१८मध्येच सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आहे. माझ्या मते २०१९च्या कायद्यातील ग्राहकाच्या सर्वांत उपयोगाची तरतूद ही कलम ३४ची आहे. मोठमोठ्या दंडांची चर्चा झाली, हिची तुलनेने कमी झाली.

आता ओटीपीचा मुद्दा. माल घेऊन येणाऱ्या तरुणाला दिवसाकाठी कैक खोकी पोहोचवायची असतात; तो थांबून खोके उघडू देत नाही आणि त्याच्यावर रागावण्यातही अर्थ नाही. प्रश्न असा की, ओटीपी दिला म्हणजे ग्राहकाने वस्तू सुस्थितीत स्वीकारली असे होते काय? येथे तोच १९३०चा जुना कायदा ग्राहकाच्या मदतीला येतो. त्याच्या कलम ४१ प्रमाणे, ग्राहकाने आधी न पाहिलेला माल त्याला पोहोचता केला, तर तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत त्याने तो स्वीकारला असे मानता येत नाही. ओटीपी म्हणजे फार तर खोके मिळाल्याची पोच. खोक्यातील वस्तूविषयी ती काहीच सांगत नाही. पोच आणि स्वीकृती यांतील हा फरक कंपन्यांच्या तक्रार विभागांना ठाऊक नसेल असे नाही. पण तो ग्राहकाने मांडेपर्यंत त्यांच्या लक्षात येत नाही, एवढे खरे. काही कंपन्या महागड्या वस्तूंसाठी दारातच खोके उघडून दाखवतात. ही सोय मिळत असेल तर जरूर घ्यावी. आत पाहिल्याशिवाय आकडे सांगू नयेत.

पुढचा बचाव ठरलेला असतो: 'आम्ही केवळ मध्यस्थ आहोत, विक्रेता वेगळा आहे.' माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ने मध्यस्थांना दिलेल्या संरक्षणाचा हा आधार. २३ जुलै २०२० रोजी अधिसूचित झालेल्या ई-कॉमर्स नियमांनी तो पूर्णपणे काढून घेतला नाही, परंतु त्याला बंधने घातली. या नियमांप्रमाणे प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव व संपर्क जाहीर करावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिनाभरात तिचे निवारण करायचे, अशी मुदत आहे. विक्रेत्याचे नाव, पत्ता यांची माहिती ग्राहकाला उपलब्ध असली पाहिजे. विक्रेत्यासाठीचा नियम तर अगदी नि:संदिग्ध आहे. वस्तू सदोष किंवा बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर ती परत घेण्यास वा पैसे परत करण्यास त्याला नकार देता येत नाही. 'या वस्तूला परती नाही' ही संकेतस्थळावरची ओळ मन बदलले म्हणून परत करणाऱ्याला लागू होईल; फुटकी वस्तू हाती पडलेल्याला नाही. मूळ कायद्यातही, सदोष वस्तू बिलात नमूद केलेल्या मुदतीत, आणि मुदत नमूद नसेल तर ३० दिवसांत परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. कंपनीची सात-दहा दिवसांची 'रिटर्न विंडो' उलटली म्हणजे सारे संपले, हाही गैरसमज आहे. आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे. अर्थात दोन वर्षे आहेत म्हणून खोके दिवाळीपर्यंत माळ्यावर टाकून ठेवणाऱ्याची बाजू लंगडी होणार, हे सांगायला नको.

विक्रेता गायब झाला तर? नियमांतली खरी फट येथे आहे. विक्रेत्याने माल पोहोचवण्यात कसूर केल्यास ग्राहकाच्या नुकसानीला संकेतस्थळालाच जबाबदार धरावे, अशी तरतूद केंद्र सरकारने जून २०२१मध्ये प्रसिद्ध केलेल्या दुरुस्ती-मसुद्यात होती. मसुद्यावर बराच गदारोळ झाला आणि तो मसुदाच राहिला. तेव्हा आजही आयोगापुढे प्रत्येक प्रकरणात संकेतस्थळाची नेमकी भूमिका दाखवावी लागते: वस्तू त्यांच्या गोदामातून आली काय, बांधणी त्यांची होती काय, पैसे कोणी घेतले, परती कोणी नाकारली. फवारणी पंपाच्या उदाहरणात परती अमान्य करणारा संदेश संकेतस्थळाचाच होता, ही बाब निव्वळ मध्यस्थीच्या दाव्याशी सुसंगत नाही.

या बचावाची एक परीक्षा प्रेशर कुकरच्या निमित्ताने झालीही आहे. बंधनकारक मानकांत न बसणारे कुकर विकू दिल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट २०२२मध्ये अॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट या दोन्ही कंपन्यांना प्रत्येकी एक लाख रुपये दंड केला. अनुक्रमे २,२६५ आणि ५९८ ग्राहकांना कळवून कुकर परत घेण्याचे व पैसे परत करण्याचे आदेश दिले. अॅमेझॉनने या विक्रीतून सहा लाख चौदा हजार रुपयांहून अधिक शुल्क मिळवले होते, याची नोंद प्राधिकरणाने घेतली. प्रत्येक विक्रीवर पैसे मिळवायचे आणि दोष निघाला की आपण कोणीच नाही म्हणायचे, हे प्राधिकरणाने मान्य केले नाही. एवढ्या मोठ्या कंपन्यांना लाखाचा दंड म्हणजे काय, असे कोणी विचारील आणि ते रास्तच आहे. पण ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्व दंडाच्या रकमेला नाही, पैसे परत करण्याच्या आदेशाला आहे.

शेवटी सारे येऊन ठेपते ते पुराव्यावर. तडा वाटेत गेला की उघडताना ग्राहकाने पाडला, हे आयोगाने कसे ठरवायचे? जालना जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. १९६४मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको सुरू केली आणि जालना हे बियाण्यांचे गाव झाले. बियाण्याच्या तक्रारींत हाच पेच वर्षानुवर्षे येत असे. बी उगवले नाही म्हणता, तर नमुना प्रयोगशाळेकडे पाठवा, असे कंपन्या म्हणत. आणि शेतकऱ्याने तर सारे बी पेरून टाकलेले. २०१२मध्ये राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा आक्षेप फेटाळला. शेतकऱ्याने तपासणीसाठी बी बाजूला काढून ठेवावे ही अपेक्षा अवाजवी आहे, आणि शेतकरी हा ग्राहकच आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्याचा अर्थ पुरावा नको असा नव्हे. व्यवहारी माणसाकडून जेवढा अपेक्षित, तेवढा हवा. पंपाच्या बाबतीत तो म्हणजे दबलेल्या कोपऱ्यासह न उघडलेल्या खोक्याचे छायाचित्र, पत्त्याची चिठ्ठी दिसेल अशी उघडतानाची सलग चित्रफीत, बिल आणि त्याच दिवशी केलेली तक्रार. मूळ चित्रफीत फोनमधून पुसू नये. २०२४च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. आयोग साक्षीपुराव्याच्या काटेकोर नियमांनी बांधलेले नसले, तरी ते जोडलेले बरे. आणि खोके जाळू नये! आपल्याकडे पुठ्ठ्याचे खोके आले की संध्याकाळी बंबात जाते. त्यासोबत बांधणी निकृष्ट होती हे दाखवणारा एकमेव साक्षीदारही जातो.

आणखी एक हरकत घेतली जाईल: पंप शेतीसाठी घेतला, म्हणजे व्यावसायिक हेतूने घेतला, सबब हा ग्राहकच नव्हे. स्वत: राबून उपजीविका करण्यासाठीच घेतलेली वस्तू व्यावसायिक हेतूची मानली जात नाही, हे कायद्याच्या व्याख्येतच आहे. १९९५च्या 'लक्ष्मी इंजिनिअरिंग' निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा खुलासा केला. त्या खटल्यातील यंत्रखरेदीदार हरला, कारण त्याचा उद्योग मोठ्या प्रमाणावरचा होता; पण स्वत: चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा किंवा लेथ घेणारा ग्राहकच आहे, हे तत्त्व त्याच निकालाने पक्के केले. पाठीवर पंप घेऊन स्वत:च्या रानात उतरणारा माणूस यात निश्चितच बसतो. तक्रारीत तसे एक वाक्य स्पष्टपणे लिहिले पाहिजे, एवढेच.

मार्ग कसा धरायचा? प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी, आणि तक्रार क्रमांक जपून ठेवायचा. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. तेथे मराठीतही बोलता येते. हेल्पलाइन निवाडा देत नाही, तक्रार कंपनीपुढे ठेवते. पण लहान रकमांच्या बाबतीत कंपन्या पुष्कळदा येथेच नमते घेतात, कारण भांडण्यापेक्षा पैसे परत करणे त्यांना स्वस्त पडते. एक धोक्याची सूचना मात्र दिलीच पाहिजे. कंपनीचा ग्राहकसेवा क्रमांक गुगलवर शोधू नये. तेथे भामट्यांनी पेरलेले क्रमांक असतात आणि 'पैसे परत करतो, हे अॅप उतरवून घ्या' म्हणत ते उरलेलेही काढून घेतात. तसे घडलेच तर सायबर फसवणुकीचा क्रमांक १९३० आहे. मालविक्री कायद्याचे सालही तेच. लक्षात ठेवायला सोपे.

त्यानंतर आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार १ जानेवारी २०२५ रोजी सुरू झालेल्या 'ई-जागृती' प्रणालीवर घरबसल्या दाखल करता येते आणि सुनावणी दूरदृश्य पद्धतीने घेण्याची विनंतीही करता येते. जेथे प्रयोगशाळेच्या तपासणीची गरज नाही, अशी प्रकरणे तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा सांगतो. तडा गेलेली टाकी पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. आदेशाविरुद्ध अपील करायचे तर कंपनीला निम्मी रक्कम आधी भरावी लागते, आणि आदेश न पाळणाऱ्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

कागदावर हे सारे उत्तम आहे. प्रत्यक्षात तीन महिन्यांची मुदत पाळली जाईल या भरवशावर राहू नये. आयोगांवर अध्यक्ष व सदस्य नेमण्यातील दिरंगाईची सर्वोच्च न्यायालयाला २०२१मध्ये स्वत:हून दखल घ्यावी लागली. नियुक्त्यांच्या नियमांतील काही तरतुदी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच वर्षी रद्द केल्या आणि मार्च २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम करताना लेखी परीक्षा घेण्याचे निर्देश दिले. नेमणुका पारदर्शक व्हाव्यात यात दुमत नाही. पण नियमांचा हा घोळ चालू असताना तारीख घेऊन परतणारा प्रत्येक तक्रारदार एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे गमावून परतत असतो. कंपनीच्या वकिलाला तारखेचे पैसे मिळतात, याला पदरचे घालावे लागतात. दाव्याची रक्कम साडेतीन हजार असेल, तर तिसऱ्या-चौथ्या तारखेला हिशेब तुटतो. ऑनलाइन खरेदीच्या अशा लहान, कागदोपत्री सिद्ध होणाऱ्या तक्रारींसाठी आयोगांनी महिन्यातून ठरावीक दिवस राखून ठेवावेत आणि त्या दिवसांची सुनावणी सक्तीने दूरदृश्य पद्धतीने घ्यावी. त्यासाठी नवा कायदा करावा लागेल असे वाटत नाही.

आणि दाव्यात काय मागायचे, याचाही विचार हवा. बहुतेक तक्रारदार वस्तूची किंमत आणि मानसिक त्रासाची भरपाई मागून थांबतात. मानसिक त्रासाचा आकडा आयोग आपल्या अंदाजाने ठरवतो. पण फवारणी अडल्यामुळे दुसऱ्याचा पंप भाड्याने आणावा लागला, गावातल्या दुकानातून चढ्या दराने घ्यावा लागला, मजूर लावले होते ते परत पाठवावे लागले, तर हा खर्च प्रत्यक्ष आहे. त्याची पावती, निदान मजुराची सही असलेला कागद, हाती असेल तर तो नुकसानभरपाईत मागता येतो. आपल्या शेतकऱ्याला भाड्याच्या पंपाची पावती मागायची सवय नाही आणि देणाऱ्यालाही ती लिहायची नसते. निदान पैसे फोनवरून दिले, तर त्याची नोंद तारखेनिशी राहते.